डीएनए जुनं गूढ उकलतो म्हणजे नक्की काय करतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: रशियाचा झार, इंग्लंडचा तिसरा रिचर्ड, बीथोव्हेन अशा शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांची कोडी डीएनएने सुटली, असं वारंवार वाचायला मिळतं. इतक्या जुन्या हाडांतून डीएनए निघतो कसा, तो कोणाशी ताडून पाहतात, आणि अशा बातमीवर विश्वास किती ठेवायचा?

जुन्या हाडांतून डीएनए काढण्याचं काम मी वीसेक वर्षं करतो आहे. भेटणारा जवळपास प्रत्येक जण "निघतो कसा" इथेच अडकतो. ग्यानबाची मेख मात्र "कोणाशी ताडायचा" यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हाडावर नाव लिहिलेलं नसतं आणि डीएनएमध्येही नसतं. "हा सांगाडा कोणाचा?" असं प्रयोगशाळेला विचारताच येत नाही. विचारता येतं ते एवढंच: कागदपत्रांप्रमाणे या हाडाचं आणि त्या अमुक माणसाचं जे नातं असायला हवं, ते खरोखर दिसतं का? म्हणजे प्रत्येक प्रकरणाला दोन टोकं लागतात. एक टोक जमिनीतून निघतं, दुसरं शोधावं लागतं. ते दुसरं टोक सापडलं नाही, तर हाडातला डीएनए कितीही सुंदर निघाला तरी आमच्या हाती फार काही लागत नाही.

ताडून पाहायला तीन धागे असतात. पहिला मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या वेगळ्या डीएनएचा. तो आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच तो चालवतात. त्याची लांबी जेमतेम 16,569 अक्षरं (डीएनए ज्या रासायनिक घटकांच्या साखळीने बनतो त्यांना आम्ही अक्षरं म्हणतो), आणि एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. सगळं कुजून गेल्यावरही एखादी प्रत तग धरून राहते ती त्यामुळेच. दुसरा धागा वाय गुणसूत्राचा, बापाकडून मुलाकडे, आडनावासारखा. तिसरा उरलेल्या गुणसूत्रांचा, जो दर पिढीला निम्मा होतो. आई-वडील, मुलं, भावंडं ओळखायला तो अचूक, पण दहा-बारा पिढ्यांनंतर विशिष्ट पूर्वजाचा माग काढायला जवळपास निरुपयोगी. त्यामुळे शतकांपूर्वीच्या प्रकरणांत सगळी भिस्त पहिल्या दोन धाग्यांवर असते. यात एक गंमत आहे. हाडात सहज सापडणारा धागा आईकडचा, आणि वंशावळी लिहिणाऱ्यांनी शतकानुशतकं नोंदवले ते मुलगे. लेकींची नावं लग्नानंतर कागदावरून नाहीशी होतात. आमच्या कामातला निम्मा वेळ प्रयोगशाळेत जात नाही, तो या हरवलेल्या लेकींच्या लेकी शोधण्यात जातो, आणि ते काम वंशावळींचे अभ्यासक करतात. बातमीत त्यांचं नाव क्वचितच येतं.

आता रोमानोव्ह घराण्याचं प्रकरण घेऊ. ते मी जरा लांबवणार आहे, कारण या शास्त्रातली जवळपास प्रत्येक अडचण त्या एकाच प्रकरणात आली आणि सुटली.

1918 च्या 16 आणि 17 जुलैच्या मधल्या रात्री येकातेरिनबर्गमधल्या इपातिएव्ह यांच्या घरात झार दुसरा निकोलस, झारिना अलेक्झांड्रा, चार मुली, मुलगा अलेक्सेय, त्यांचे डॉक्टर आणि तीन नोकर अशा 11 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. शहराबाहेरच्या जंगलातलं त्यांचं दफनस्थळ हौशी शोधकांनी 1979 मध्ये हुडकलं, पण सोव्हिएत काळात तोंड उघडण्याची सोय नव्हती. 1991 मध्ये अधिकृत उत्खनन झालं तेव्हा सांगाडे निघाले नऊ. दोन मुलं गायब होती.

हाडं ब्रिटनमध्ये पीटर गिल यांच्या गटाकडे गेली. रशियाकडून पावेल इवानोव्ह त्यांच्यासोबत होते. उरलेल्या गुणसूत्रांच्या चाचणीत पाच सांगाडे आई, वडील आणि तीन मुली असे एका कुटुंबाचे निघाले. पण कुठलंही एक कुटुंब असेल की ते! इथे दुसरं टोक लागलं. झारिनेची सख्खी बहीण ही ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांची आईकडची आजी. म्हणजे झारिना त्यांच्या आईची मावशी. मधली सगळी साखळी बायकांची, त्यामुळे मायटोकॉन्ड्रिया तोच असायला हवा. फिलिप यांनी रक्त दिलं आणि जुळणी तंतोतंत झाली.

झारच्या बाबतीत मात्र घोळ झाला. त्याच्या मातृकुळातल्या दोन जिवंत नातेवाइकांशी त्याचा क्रम एका ठिकाणी जुळेना. 16169 या जागेवर नातेवाइकांकडे एकच अक्षर, थायमिन. झारच्या हाडात मात्र थायमिन आणि सायटोसिन दोन्ही, एकाच वेळी. टीकाकारांनी लगेच ओरड केली की नमुना दूषित आहे, दुसऱ्या कोणाचा डीएनए मिसळला आहे. गिल यांच्या गटाचं म्हणणं असं की एकाच माणसात मायटोकॉन्ड्रियाची दोन रूपं शेजारी शेजारी नांदू शकतात. असं असू शकतं, पण तेव्हा ते दुर्मीळ समजलं जाई, आणि नेमकं झारच्याच हाडात ते निघावं हे सोयीस्कर वाटत होतं. मग 1994 मध्ये निकोलसचा धाकटा भाऊ गिओर्गी याची सेंट पीटर्सबर्गमधली कबर उघडली. हा भाऊ 1899 मध्ये क्षयाने गेलेला, क्रांतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याच्या हाडात त्याच जागेवर तीच दोन अक्षरं, तशीच मिसळलेली. 1996 मध्ये हा निष्कर्ष छापून आला. ज्या विसंगतीमुळे ओळख नाकारली जात होती, तीच सगळ्यांत भक्कम खूण ठरली. शिकाऊ मुलांना मी हे प्रकरण नेहमी सांगतो: जुळत नसलेली जागा दिसली की ती झाकायला जाऊ नका, तिच्याच मागे लागा.

गायब दोन मुलांमुळे तोतयांना रान मोकळं होतं. सगळ्यांत गाजलेली ॲना अँडरसन. आपण राजकन्या अनास्तासिया असल्याचा तिचा दावा जर्मन न्यायालयांत कित्येक वर्षं रेंगाळला आणि अनिर्णित राहिला. 1984 मध्ये ती अमेरिकेत वारली, दहन झालं, हाडं उरली नाहीत. पण 1979 मध्ये तिच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या ऊतीचा तुकडा रुग्णालयाच्या संग्रहात मेणाच्या ठोकळ्यात पडून होता. 1994 मध्ये तो तपासला तेव्हा झारिनेच्या मातृकुळाशी काही संबंध निघाला नाही. उलट फ्रांझिस्का शान्झकोव्स्का नावाच्या, 1920 च्या सुमारास बेपत्ता झालेल्या कारखान्यातल्या कामगार बाईच्या बहिणीच्या वंशजाशी तो जुळला. ही ओळख 1920 च्या दशकातच काही जणांनी पटवून पाहिली होती, पण राजकन्येच्या कथेपुढे कामगार बाईची कथा कोण ऐकणार?

शेवटचा टप्पा 2007 चा. पहिल्या खड्ड्यापासून 70 मीटरवर दुसरा खड्डा सापडला, त्यात जळालेल्या हाडांचे आणि दातांचे 44 तुकडे. ते एका मुलाचे आणि एका मुलीचे होते, आणि तिन्ही धागे त्याच आई-वडिलांकडे जात होते. त्याच सुमारास येवगेनी रोगाएव्ह यांच्या गटाने आणखी दोन गोष्टी केल्या. 1891 मध्ये जपानमधल्या ओत्सु इथे एका पोलिसाने निकोलसवर तलवारीने वार केला होता. त्या दिवशीचा रक्ताळलेला सदरा संग्रहालयात जपून ठेवलेला होता. त्या रक्ताची हाडाशी जुळणी झाली. इथे नातेवाईक मधे नाहीच, माणूस स्वतःशीच ताडला गेला. यापेक्षा चांगलं दुसरं टोक मिळत नाही. दुसरं म्हणजे, राणी व्हिक्टोरियाच्या वंशात फिरणारा तो रक्त न गोठण्याचा आजार नेमका कोणता हे कळलं. नवव्या क्रमांकाच्या रक्तगोठण घटकाच्या जनुकात एका अक्षराचा बदल होता. म्हणजे हिमोफिलिया बी, त्यातला कमी आढळणारा प्रकार. अलेक्सेयमध्ये तो होता, आई आणि एक बहीण वाहक होत्या.

तिसऱ्या रिचर्डचं प्रकरण याच्या पुढची पायरी, कारण अंतर 527 वर्षांचं. 22 ऑगस्ट 1485 ला बॉस्वर्थच्या लढाईत तो पडला, लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठात पुरला गेला, पुढे मठच पाडला गेला. 2012 मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना नगरपालिकेच्या एका वाहनतळाखाली सांगाडा मिळाला: पाठीचा कणा वाकडा, हाडांवर मृत्यूच्या वेळच्या 11 जखमा. टुरी किंग यांच्या गटाने राजाच्या ॲन या बहिणीपासून निव्वळ लेकींच्या वाटेने आलेले दोन जिवंत वंशज घेतले. एकाचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रिया सांगाड्याशी अक्षर न् अक्षर जुळला, दुसऱ्यात एका अक्षराचा फरक, जो इतक्या पिढ्यांत अपेक्षितच असतो. शिवाय हा प्रकार दुर्मीळ: सव्वीस हजारांहून अधिक युरोपीय नमुन्यांच्या संग्रहात तो हुबेहूब एकदाही नव्हता. हा मुद्दा लोक सोडून देतात. जुळणीची किंमत जुळण्यात नसते, ती योगायोगाने जुळण्याची शक्यता किती कमी आहे यात असते. युरोपात अगदी सर्रास आढळणारा प्रकार निघाला असता, तर तीच तंतोतंत जुळणी जवळजवळ बिनकामाची ठरली असती.

वाय गुणसूत्र मात्र जुळलं नाही. रिचर्डचा खापरपणजोबा तिसरा एडवर्ड, आणि त्याच्याच दुसऱ्या मुलाच्या शाखेतले पाच जिवंत पुरुष, सगळे पाचव्या ड्यूक ऑफ बोफर्टचे वंशज. पैकी चार जण एका गटाचे, पाचवा वेगळ्याच गटाचा, आणि राजा तिसऱ्याच. बातम्यांत यावर बराच गहजब झाला. आमच्यासारख्यांना फारसं नवल वाटलं नाही. कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळा निघण्याचं प्रमाण दर पिढीला शंभरात एक-दोन धरलं जातं. राजापासून त्या ड्यूकपर्यंत 19 दुवे. हिशेब केला तर साखळी कुठेतरी तुटलेली असण्याची शक्यता सहात एक ते तीनात एक इतकी येते. पाणी कुठल्या पिढीत मुरलं हे डीएनएने सांगता येत नाही, आणि म्हणून "इंग्लंडचं सिंहासन बेकायदेशीर" वगैरे मथळ्यांना अर्थ नव्हता. सांगाड्याचं वय, पाठीचा बाक, जखमा, कार्बन कालमापन, मायटोकॉन्ड्रियाची जुळणी आणि वायची न-जुळणी हे सगळं एकत्र तराजूत घालून ओळख 99.999 टक्के ठरली. न-जुळणीसुद्धा तराजूत घातली, बाजूला टाकली नाही, हे त्या अभ्यासाचं मला आवडलेलं अंग.

वायच्या धाग्याची दुसरी मर्यादा थॉमस जेफरसनच्या प्रकरणात दिसते. अमेरिकेच्या या अध्यक्षाला सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीपासून मुलं झाली होती का? 1998 मध्ये त्याच्या काकाच्या पुरुष वंशजांचं वाय सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळलं. जेफरसनच्या घरचे लोक ज्या कार नावाच्या भाच्यांकडे बोट दाखवत होते, ते यातून सुटले. पण वाय एवढंच म्हणतं की बाप जेफरसन घराण्यातला होता. थॉमसला भाऊ होता, पुतणे होते. त्यांच्यातून थॉमस निवडला गेला तो इतिहासकारांच्या नोंदींवरून: सॅलीला प्रत्येक वेळी दिवस गेले तेव्हा तो मॉन्टिसेलोत, म्हणजे आपल्या घरीच होता. जेव्हा कोणी म्हणतं की डीएनएने सिद्ध केलं, तेव्हा बहुधा डीएनएने शेवटची दोन पावलं चाललेली असतात, आधीचा रस्ता कागदांनी कापलेला असतो.

फ्रान्सच्या बाल राजपुत्राचं हृदयही याच जातीचं. सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांचा मुलगा 8 जून 1795 ला तुरुंगात दहा वर्षांचा होऊन वारला, असं सरकार म्हणालं. शवविच्छेदन करणाऱ्या पेल्तां या डॉक्टरने हृदय गुपचूप काढून नेलं. पुढे "मीच तो राजपुत्र, तुरुंगातून निसटलो" म्हणणारे ढिगाने उगवले. त्यातला नाउंडॉर्फ हा घड्याळजी सर्वांत यशस्वी. 1998 मध्ये त्याच्या हाडाने त्याला खोटं पाडलं. 2000 मध्ये त्या वाळलेल्या हृदयाचा मायटोकॉन्ड्रिया मारी आंत्वानेत, तिच्या बहिणी यांच्या जपलेल्या केसांशी आणि मातृकुळातल्या जिवंत वंशजांशी जुळला. पण धागा आईचा आहे, तेव्हा हे हृदय तिच्या कोणत्याही मुलाचं असू शकतं. तिचा थोरला मुलगा 1789 मध्ये वारला होता, त्याचंही हृदय काढून जपलेलं होतं. हे या हृदयाचं की त्या, हे ठरलं ते हृदयाच्या प्रवासाच्या नोंदींवरून. प्रयोगशाळेने आपलं काम चोख केलं. उरलेलं इतिहासकारांनी केलं. 2004 मध्ये ते सेंट-देनीच्या बॅसिलिकात ठेवलं गेलं.

आता "निघतो कसा" याकडे. माणूस मेल्यावर डीएनए लगेच तुटू लागतो. न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून 2012 मध्ये काढलेला अंदाज असा की सरासरी 13 अंश तापमानात 242 अक्षरांचा तुकडा टिकण्याचा अर्धकाळ 521 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात असे निम्मे तुकडे तुटतात. जमीन जितकी थंड आणि कोरडी, तितकं नशीब चांगलं. उष्ण प्रदेशात हाल होतात: हडप्पा संस्कृतीच्या राखीगढीमधले साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या हाडातून उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला. हल्ली आम्ही शक्यतो आतल्या कानाभोवतीचं हाड मागतो. शरीरातलं ते सगळ्यांत घट्ट हाड. त्यामुळे त्यात डीएनए टिकून असतो. नाहीतर दात. हाड दळून भुकटी, भुकटीतून रसायनांनी डीएनए सोडवणं, मग त्या चुऱ्याचं वाचन. मिळणाऱ्या तुकड्यांची लांबी बहुतेकदा शंभर अक्षरांच्याही आत.

खरा शत्रू जिवंत माणूस. हाडाला ज्याने हात लावला, जो त्याच्यावर शिंकला, त्याचा ताजा डीएनए हाडातल्या चुऱ्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो. 1994 मध्ये आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून डायनासोरचा डीएनए मिळाल्याचं जाहीर झालं, आणि थोड्याच काळात तो माणसाचा असल्याचं उघड झालं. आपण फार हसू नये. माझ्या पहिल्या वर्षी एका हाडाच्या मागे मी तीन महिने घालवले आणि शेवटी जो क्रम मिळाला तो माझ्याशी जुळला. हाड हजार वर्षांपूर्वीचं आणि त्याची आई माझीच आई! तेव्हापासून आमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाचा क्रम फायलीत असतो, आणि हाड न घालता सगळी प्रक्रिया चालवलेल्या ब्लँकमध्ये काही उगवलं तर तो आठवडा वाया गेला असं समजायचं.

पूर्वी जुना डीएनए आणि ताजा डीएनए वेगळे करायची सोय नव्हती. आता आहे. मृत्यूनंतर तुकड्यांच्या टोकांवरचा सायटोसिन हळूहळू बदलतो आणि वाचताना थायमिन म्हणून दिसतो. खरोखर जुन्या तुकड्यांच्या टोकांना हा घाव दिसतो, काल शिंकलेल्या माणसाच्या तुकड्यांना दिसत नाही. नुकसान हाच अस्सलपणाचा शिक्का झाला. निअँडरथल या नामशेष मानवाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचणाऱ्या स्वांते पेबो यांना 2022 चं नोबेल मिळालं त्यामागे अशा पद्धतींचा मोठा वाटा आहे.

या सुधारणेचा फरक कास्पार हाउझरमध्ये दिसतो. 1828 मध्ये न्यूरेंबर्गमध्ये अचानक उगवलेला, धड बोलता न येणारा मुलगा. पाच वर्षांनी भोसकल्याच्या जखमेने मेला. बाडेनच्या राजघराण्यातून पळवलेला युवराज अशी वदंता. 1996 मध्ये त्याच्या म्हणून जपलेल्या कपड्यावरचं रक्त तपासलं: बाडेनशी संबंध नाही. 2002 मध्ये केस तपासले: निकाल बाडेनच्या जवळ जाणारा. झालं, दोन तट पडले, आणि कपडा बनावट की केस बनावट यावर दोन दशकं वाद. 2024 मध्ये नव्या पद्धतींनी त्याच्या केसांवर पुन्हा काम झालं तेव्हा केस रक्ताशी जुळले आणि बाडेनच्या मातृकुळाशी नाही. म्हणजे मधल्या निकालानेच वीस वर्षं दिशाभूल केली होती. तो युवराज नव्हता. मग कोण होता, याला या चाचणीत उत्तर नाही, कारण ताडायला दुसरं टोक नाही. नकार देताना डीएनए छातीठोक असतो. होकार देताना त्याला साक्षीदार लागतात.

जॅक द रिपर या लंडनमधल्या कधीच न सापडलेल्या खुन्याच्या प्रकरणातल्या शालीची गोष्ट तर नवख्यांनी पाठच करावी. 1888 मध्ये खून झालेल्या कॅथरिन एडोज हिच्याजवळ सापडल्याचं सांगितली जाणारी शाल, तिचा माग कागदावर कुठेच सलग नाही, अनेकांनी हाताळलेली. 2014 मध्ये तिच्यावरून खुनी ठरवला गेला. पुरावा म्हणून दाखवलेल्या एका अक्षरबदलाला 314.1सी असं नाव दिलं होतं आणि तो सुमारे 2,90,000 माणसांत एकात सापडतो असं म्हटलं होतं. तज्ज्ञांनी पाहिलं तर नाव लिहिण्यात चूक: तो प्रत्यक्षात 315.1सी, जो युरोपीय वंशाच्या 99 टक्क्यांहून अधिक लोकांत असतो. एका आकड्याची चूक, आणि अख्खा पुरावा हवेत विरला. तरी दर काही वर्षांनी ती शाल बातम्यांत येतेच. कोलंबसच्या मुळाबद्दल 2024 मध्ये स्पेनमधल्या दूरचित्रवाणीवर जे जाहीर झालं, तेही कार्यक्रम प्रसारित होताना कुठल्या शोधनिबंधात छापलेलं नव्हतं. आकडे टेबलावर नसताना मी मत देत नाही.

दुसरं टोक नसतानाही काही वेळा चांगलं काम होतं, पण तिथे भाषा बदलावी लागते. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये शिराझमध्ये शाह अब्बासच्या हुकुमाने हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अवशेषांचा भाग गोव्याला आणला, आणि पोर्तुगीज नोंदींत सेंट ऑगस्टिनच्या मठातल्या जागेचं वर्णन होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तिथे हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवरच्या संशोधन संस्थेत त्याचा मायटोकॉन्ड्रिया यू1बी या गटाचा निघाला. भारतातल्या बावीस हजारांवर नमुन्यांत हा गट एकदाही नाही, जॉर्जियाच्या अवघ्या 30 नमुन्यांत दोनदा. तिचा नातेवाईक ताडलेला नाही. हाड जॉर्जियाकडच्या बाईचं असावं आणि ते जिथे असायला हवं तिथेच सापडलं, एवढंच हाती होतं. संशोधकांनीही "शक्यता आहे" असंच लिहिलं, आणि मला त्यांचा तो संयम पुराव्याइतकाच मोलाचा वाटतो. 2021 मध्ये भारताने अवशेषाचा काही भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

कधी प्रश्न माणसाचा नसतोच. काळा मृत्यू, म्हणजे चौदाव्या शतकातली युरोपातली महासाथ, नेमकी कोणत्या रोगाची, यावर इतिहासकार भांडत होते. 2011 मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डमधल्या 1348 ते 1350 च्या कबरींतून प्लेगच्या जंतूचा जीनोम निघाला आणि वाद संपला. 2022 मध्ये किरगिझस्तानात 1338-39 च्या थडग्यांतही तोच जंतू सापडला. त्या थडग्यांवर सिरियाक भाषेत "मरी" असं लिहिलेलंच होतं. जंतूला नातेवाईक शोधावे लागत नाहीत.

बीथोव्हेनचं 2023 मधलं काम मी मुद्दाम मागे ठेवलं. त्याच्या म्हणून जपलेल्या आठ केसांच्या बटांपैकी पाच एकाच पुरुषाच्या निघाल्या. सगळ्यांत प्रसिद्ध बट, जिच्यावरून "तो शिशाच्या विषबाधेने मेला" असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, ती एका बाईची निघाली. यकृताच्या आजाराचा आनुवंशिक धोका मोठा होता, हिपॅटायटिस बीचा संसर्गही होता. बहिरेपणाचं कारण जनुकांत मिळालं नाही. आणि पुन्हा तेच वाय: बेल्जियममधल्या पाच व्हॅन बीथोव्हेन पुरुषांचं एकमेकांशी जुळतं, संगीतकाराचं त्यांच्याशी नाही. सोळाव्या शतकापासून त्याच्या जन्मापर्यंतच्या सात पिढ्यांत कुठेतरी बाप वेगळा आहे.

तेव्हा विश्वास किती ठेवायचा? मी नवी बातमी वाचताना निकाल शेवटी वाचतो. आधी पाहतो की नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात आला, कोणाशी ताडला, जुळलेला प्रकार किती दुर्मीळ आहे, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने स्वतंत्रपणे तेच काढलं का. या चारांत एक जरी गाळलेलं दिसलं तरी पान उलटतो.

आणि कधीकधी सगळं नीट करूनही गूढ वाढतं. हिमालयात पाच हजार मीटरवरच्या रूपकुंड तळ्याकाठी 1942 पासून शेकडो माणसांची हाडं माहीत आहेत. एकाच यात्रेवर गारपिटीने कोसळलेला जथा, असं मानलं जाई. 2019 मध्ये 38 जणांचे डीएनए प्रसिद्ध झाले. 23 जण दक्षिण आशियाई, त्यांचा काळ इसवी सन 800 च्या आसपासचा, आणि तेसुद्धा सगळे एकाच वेळी गेलेले नाहीत. एक आग्नेय आशियाकडचा. उरलेले 14 जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांशी मिळतेजुळते, आणि मेले इसवी सन 1800 च्या सुमारास, म्हणजे पहिल्यांच्या हजार वर्षांनंतर. एकमेकांचे ते रक्ताचे नातेवाईक नव्हते. इतके परदेशी इतक्या उंचीवर गेले आणि परतले नाहीत, याचा उल्लेख कुठल्याही दप्तरात अजून सापडलेला नाही.